रिफ्रॅक्टरी वीट बनवायची कशी: कच्च्या मालापासून टेस्टिंगपर्यंत सगळं

रिफ्रॅक्टरीचा, म्हणजे भट्टीच्या अस्तराला लावायच्या उष्णता सोसणाऱ्या विटांचा, विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, "ही वीट किती डिग्रीची?" प्रश्न चुकीचा नाही पण अर्धाच आहे. शुद्ध अल्युमिना साधारण २०५० अंश सेल्सिअसला वितळतो, मॅग्नेशिया तर २८०० च्याही वर, आणि बहुतेक भट्ट्या याच्या जवळपासही जात नाहीत, तरी विटा मरतातच ना! वितळून जाण्याचे प्रकार कमी असतात. स्लॅग, म्हणजे भट्टीतला वितळलेला मळ, वीट खातो, तापून गार होऊन ती तडकते, नाहीतर वरच्या लोडखाली हळूहळू बसते. आणि यातलं बरंच काही विटेच्या आत भोकं किती आहेत आणि केवढी आहेत त्यावर अवलंबून असतं, जे किल्नमधे (वीट भाजायच्या भट्टीत) जायच्या आधीच, मिक्सर आणि प्रेसवर जवळजवळ ठरून गेलेलं असतं. त्यामुळे या लेखात किल्नपेक्षा तिच्या आधीच्या कामावर जास्त लिहिलंय. उदाहरणाला फायरक्ले आणि हाय अल्युमिना वीट घेतलीये, सिलिका आणि मॅग्नेशियात जिथे वेगळं वागावं लागतं तिथे तसं सांगतो.

आधी भट्टीत काय चाललंय ते विचारा

रेसिपी काढायच्या आधी गिऱ्हाइकाकडून माहिती घ्यायची. टॉप टेम्परेचर किती, भट्टी सतत चालते की रोज बंद-चालू होते, आतलं वातावरण ऑक्सिडायझिंग की रिड्युसिंग, विटेवर लोड किती, अल्कलीची (सोडा, पोटॅश) वाफ आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्लॅग ॲसिडिक की बेसिक. सिलिका आणि फायरक्ले ॲसिडिक बाजूचे, मॅग्नेशिया आणि डोलोमाइट बेसिक, अल्युमिना मधला, दोन्हीकडे थोडंफार जमवून घेणारा. ॲसिडिक विटेवर चुन्याचा स्लॅग आला की दोघांचं मिळून कमी तापमानाला वितळणारं काचेसारखं काहीतरी तयार होतं आणि अस्तर वाहून जातं.

हे किती महागात पडतं त्याचं उत्तम उदाहरण पोलाद उद्योगातच आहे. बेसेमरने १८५६ मधे कन्व्हर्टर (लोखंडाचं पोलाद करायचं भांडं) आणला पण अस्तर सिलिकाचं होतं. लोखंडातला फॉस्फरस काढायचा तर चुना टाकावा लागतो आणि चुना टाकला की अस्तर जातं, म्हणजे फॉस्फरसवाली खनिजं या प्रोसेससाठी बाद. १८७८-७९ च्या सुमारास सिडनी थॉमस आणि पर्सी गिलख्रिस्ट या भावंडांनी (मामे-आते बरं का, आणि थॉमसचा पोटापाण्याचा धंदा कोर्टात कारकुनी!) डोलोमाइटचं बेसिक अस्तर चालवून दाखवलं तेव्हा कुठे ती खनिजं पोलादासाठी उघडली. मशीन तेच होतं, बदललं ते अस्तर आणि चुन्याचा स्लॅग. म्हणून स्लॅगचं ॲनालिसिस मागायला लाजू नका, गिऱ्हाईक नाही म्हणालं तर त्याच्या भट्टीतून खाल्लेल्या जुन्या विटेचा तुकडा मागा, तो बरंच बोलतो.

रिड्युसिंग भट्टी असेल तर अजून एक भानगड असते. साधारण ४५० ते ६०० अंशाच्या पट्ट्यात कार्बन मोनॉक्साइडचं विघटन होतं आणि विटेतल्या लोखंडाच्या ठिपक्यांवर कार्बन साचत जातो, साचता साचता तो विटेला आतून फोडतो. अशा जागेसाठी लोखंड कमीत कमी असलेला माल लागतो, अल्युमिना कितीही वाढवला तरी हे थांबत नाही.

कच्चा माल: कच्ची माती एकटी चालत नाही

फायरक्ले म्हणजे मुख्यतः केओलिन जातीची माती. शुद्ध केओलिन तापवलं की वजनाचा जवळजवळ १४ टक्के भाग रासायनिक पाणी म्हणून निघून जातो, हे साधारण ४५० ते ६०० अंशात होतं, आणि पुढे आकसणं चालूच राहतं. अशी नुसती कच्ची माती दाबून वीट केली तर किल्नमधे ती वाकडीतिकडी होणार, तडकणार. म्हणून मातीचा मोठा हिस्सा आधीच १३००-१५०० अंशाला भाजून घ्यायचा, त्याला ग्रॉग किंवा शॅमॉट म्हणतात. त्याचं जे काही आकसायचं ते आकसून झालेलं असतं. कच्ची माती फक्त चिकटवायला, ५ ते १५ टक्क्यांपर्यंत.

हाय अल्युमिनासाठी कॅल्साइन्ड (भाजलेला) बॉक्साइट, अँडालुसाइट, फ्यूज्ड (वितळवून केलेला) अल्युमिना वगैरे. इथे कायनाइटबद्दल सावध रहा. कायनाइट, अँडालुसाइट आणि सिलिमनाइट या तिघांचं रासायनिक सूत्र एकच, तिघंही तापून म्युलाइट (अल्युमिना-सिलिकाचंच दुसरं खनिज) आणि सिलिका होतात, पण कायनाइट त्या वेळी १५ टक्क्यांहून जास्त फुगतो आणि अँडालुसाइट जेमतेम ३ ते ६. त्यामुळे अँडालुसाइट कच्चा टाकता येतो, कायनाइटचा जाड दाणा कच्चा टाकला तर वीट फाटते. मात्र बारीक कायनाइट थोडा मुद्दाम टाकून मातीचं आकसणं भरून काढतात, ही जुनी आणि कामाची ट्रिक आहे.

माल आला की केमिकल ॲनालिसिसमधे अल्युमिनाच्या आकड्यावर खूश होऊन थांबू नका, खाली सोडा, पोटॅश आणि आयर्न ऑक्साइड बघा. अल्युमिना-सिलिका सिस्टीममधे पहिला द्रव साधारण १५९० अंशाच्या आसपास बनतो, पण त्यात एक-दोन टक्के अल्कली आली की द्रव कितीतरी आधी सुरू होतो आणि वीट लोडखाली मऊ पडते. ६० टक्के अल्युमिनाचा स्वच्छ माल ७० टक्क्यांच्या घाणेरड्या मालाला लोडमधे सहज हरवू शकतो.

दळण आणि ग्रेडिंग: इथे वीट ठरते

जॉ क्रशर, मग रोल क्रशर किंवा कोन क्रशर, मग स्क्रीन (चाळणी), आणि बारीकसाठी बॉल मिल. प्रत्येक टप्प्यानंतर मॅग्नेट लावा कारण क्रशरच्या जबड्यातून झिजलेलं लोखंड मालात येतंच आणि भाजल्यावर विटेवर काळे ठिपके दिसतात.

ग्रेडिंगची कल्पना सोपी आहे. बरणीत सुपाऱ्या भरल्या की मधे जागा उरते, त्यात मूग ओतले की बसतात, त्यातही रवा बसतो, बरणी मात्र तेवढीच. विटेतही तेच करायचंय. ट्रायलसाठी सुरुवात अशी करा: ३ ते १ मिमीचा जाड दाणा ४५ टक्के, १ ते ०.१ मिमीचा मधला १५ टक्के, आणि ०.१ मिमीच्या खालचा बारीक ४० टक्के, ज्यात माती धरलेली आहे. मधला दाणा मुद्दाम कमी ठेवलाय, तो वाढला की जाड दाणे एकमेकांपासून लांब ढकलले जातात आणि डेन्सिटी पडते. हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे, दाण्याचा आकार, क्रशरचा प्रकार सगळ्याने फरक पडतो, म्हणून ४०/१५/४५, ५०/१०/४० असे तीन-चार मिक्स करून एकाच प्रेशरला दाबायचे आणि ज्याची डेन्सिटी जास्त आली तिथून पुढे जायचं.

जाड दाणा वाढवला की वीट थर्मल शॉक (एकदम तापणं-गार होणं) चांगला सोसते कारण तडा जाड दाण्यापाशी अडखळतो, बारीक वाढवला की भाजल्यावर ताकद वाढते पण आकसतेही. बंद-चालू होणारी भट्टी असेल तर ताकदीचा मोह थोडा सोडावा लागतो.

आणि स्क्रीनची जाळी रोज बघा. एक भोक पडलं की ५ मिमीचा दाणा खाली यायला लागतो आणि आठवडाभर कोणाच्या लक्षातच येत नाही.

मिक्सिंग: क्रम पाळा

मलर मिक्सर असो की काउंटर-करंट, क्रम असा: आधी जाड आणि मधला दाणा, एक-दोन मिनिटं कोरडा फिरवायचा, मग पाणी आणि बाइंडर, दाणा सगळीकडून ओला झाला की मग बारीक पावडर आणि माती. म्हणजे प्रत्येक जाड दाण्याभोवती बारकाचा लेप बसतो. सगळं एकदम टाकून वरून पाणी मारलं तर बारकाच्या गोळ्या होतात, त्या गोळ्या प्रेसमधे फुटत नाहीत आणि विटेत पांढरे डाग होऊन बसतात.

पाणी ड्राय प्रेसला साधारण ३ ते ६ टक्के. बाइंडर म्हणून लिग्नोसल्फोनेट किंवा डेक्स्ट्रिन चालतं, ते कच्च्या विटेला हाताळण्यापुरती ताकद देतं आणि पुढे जळून जातं. फॉस्फेट बाइंडर वेगळा, मोनो अल्युमिनियम फॉस्फेट किंवा फॉस्फोरिक ॲसिड, तो शेवटपर्यंत राहतो आणि मधल्या तापमानाला चांगली ताकद देतो, पण मालात लोखंडाचे कण असतील तर ॲसिडची त्याच्याशी रिॲक्शन होऊन हायड्रोजन निघतो आणि वीट फुगते. म्हणून असा मिक्स काही तास मुरायला ठेवून परत फिरवतात.

मॉइश्चर मीटर असतोच, पण मिक्सरवरचे जुने लोक मूठभर माल घेऊन दाबतात. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, बोटांचे ठसे उमटले, अंगठ्याने दाबल्यावर दोन तुकडे झाले आणि तळहात कोरडा राहिला तर माल बरोबर. हात ओला झाला तर पाणी जास्त. गोळा भुरभुरला तर कमी. दहा सेकंदाचं काम आहे, प्रत्येक बॅचला करा.

मॅग्नेशियाला पाण्याचं वावडं आहे. पाणी मिळालं की त्याचं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होतं, जे मूळ जागेच्या दुपटीहून जास्त जागा मागतं, म्हणजे वीट आतून फुटते. तिथे पाणी कमीत कमी ठेवायचं आणि दाबल्यावर लवकर वाळवायचं. मॅग्नेशिया-कार्बन विटेत तर पाणी नाहीच, फिनॉलिक रेझिन असतं, आणि ती वीट भाजतही नाहीत, २०० ते ३०० अंशाला टेम्पर करून रेझिन पक्कं करतात. त्यातला कार्बन म्हणजे ग्राफाइट, तो जळू नये म्हणून अल्युमिनियमसारख्या धातूची थोडी पावडर घालतात. १९७० च्या दशकात जपानमधे या विटा पुढे आल्या आणि आज पोलादाच्या कन्व्हर्टरची कल्पना त्यांच्याशिवाय करता येत नाही.

प्रेसिंग: हवा काढा, वजन बघा

फ्रिक्शन स्क्रू प्रेस किंवा हायड्रॉलिक, प्रेशर ५० ते १५० मेगापास्कलच्या दरम्यान. नवीन माणूस हमखास पहिल्याच स्ट्रोकला पूर्ण प्रेशर मारतो, मग आत अडकलेली हवा दबून बसते आणि प्रेशर सुटल्यावर फुगून विटेत आडवे पापुद्रे पाडते. याला लॅमिनेशन म्हणतात आणि हे कच्च्या विटेत नीट दिसतही नाही, भाजून आल्यावर हातोडीने ठोकलं की बद्द आवाज येतो तेव्हा कळतं. म्हणून पहिला स्ट्रोक हलका, पंच थोडा उचलायचा, हवा जाऊ द्यायची, परत हलका, मग पूर्ण. हायड्रॉलिक प्रेसला व्हॅक्यूम असेल तर उत्तमच.

आता वजनाचा हिशोब. स्टँडर्ड वीट २३० × ११४ × ७५ मिमी, म्हणजे १.९६६५ लिटर. ग्रीन डेन्सिटी (दाबलेल्या कच्च्या विटेची) २.६० हवी असेल तर डायमधे (प्रेसच्या साच्यात) ५.११ किलो माल पडला पाहिजे. वजन तेच पण जाडी ७५ ऐवजी ७६ आली तर डेन्सिटी २.५७ वर घसरते. म्हणजे एका मिलिमीटरमधे सव्वा टक्क्याहून जास्त गेली! म्हणून दर काही विटांमागे वजन आणि जाडी दोन्ही लिहा, एकटं वजन किंवा एकटी जाडी काही सांगत नाही.

डाय बनवताना भाजल्यावरचं आकसणं धरायचं. एक टक्का आकसत असेल तर २३० साठी डाय २३२.३ लागेल. डायच्या आतले लायनर झिजतात, मधे पोट पडतं, मग वीट बाहेर निघताना अडते आणि कडा तुटतात, आणि दोष मात्र मिक्सवाल्याला दिला जातो.

वाळवणं

चार टक्के पाण्याची दाबलेली वीट वाळताना फारशी आकसत नाही, धोका वेगळाच असतो. इतकी घट्ट दाबलेली असते की आतल्या पाण्याची वाफ बाहेर यायला वाट सापडत नाही, घाईने १०० च्या वर नेली की कोपरा उडतो. टनेल ड्रायरमधे सुरुवातीला दमट आणि कोमट हवा, मग हळूहळू गरम आणि कोरडी, शेवटी ११० च्या आसपास. दोन-तीन विटांवर नंबर टाकून त्यांचं वजन करत राहा, वजन उतरायचं थांबलं की वाळली. किल्नमधे जाताना मॉइश्चर एक टक्क्याच्या खाली हवं.

फायरिंग

किल्न कारवर रचताना विटांमधे गॅस फिरायला फटी ठेवा, थर फार उंच नको कारण टॉप टेम्परेचरला खालच्या विटा मऊ असतात आणि वरचं वजन त्यांना दाबतं. थरांमधे बारीक ग्रॉग भुरभुरला की विटा एकमेकींना चिकटत नाहीत.

शेड्यूलमधे सगळीकडे सारख्याच वेगाने जायची गरज नाही. २०० पर्यंत सावकाश, उरलेलं पाणी जातंय. ३०० ते ९०० मधे बाइंडर आणि मातीतला सेंद्रिय कार्बन जळतो, तिथे जास्तीचा ऑक्सिजन लागतो, वेळही लागतो. तो न देता पुढे गेलात तर बाहेरची कातडी बंद होते आणि कार्बन आतच अडकतो, वीट तोडली की मधे काळा गाभा दिसतो, कधी कधी फुगलेली असते. ५७३ ला क्वार्ट्झ आपलं रूप बदलतो आणि एकदम आकारमान बदलतं, तिथे चढताना आणि विशेषतः उतरताना हळू. मालात क्रिस्टोबलाइट (सिलिकाचंच दुसरं रूप) असेल तर २७० ते २०० च्या पट्ट्यातही हळूच, भट्टी "आता काय, गारच झाली" म्हणून दारं उघडली जातात ती याच पट्ट्यात, आणि तडे तिथेच पडतात.

टॉपला फायरक्ले साधारण १२०० ते १४००, हाय अल्युमिना १४५० ते १६०० आणि कधी त्याच्याही वर. सोक म्हणजे विटेच्या पोटाला ते तापमान मिळेपर्यंतचा वेळ, थर्मोकपल भट्टीतल्या हवेचं सांगतं, विटेच्या पोटाचं नाही. यासाठी कोन वापरा, म्हणजे तापून वाकणारा मातीचा छोटा सुळका. हर्मन सेगरने १८८६ मधे आणलेली ही साधी वस्तू अजून चालते कारण कोन तापमान आणि वेळ दोन्हीचा एकत्र परिणाम दाखवतो. कारच्या वर, खाली आणि मधे ठेवा, वाकण्यात फरक दिसला तर भट्टी सगळीकडे सारखी तापत नाहीये.

सिलिका विटेचं गणित उलटं आहे. १८२० च्या दशकात वेल्समधे डिनास जवळच्या दगडापासून विल्यम वेस्टन यंगने ही वीट बनवली, त्यात चुना थोडासा, बाकी सगळा क्वार्ट्झच. ही भाजताना फुगते कारण २.६५ डेन्सिटीच्या क्वार्ट्झचं २.३ च्या आसपासच्या क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइटमधे रूपांतर होतं. हे रूपांतर साधारण १४३०-१४५० ला पूर्ण व्हायला वेळ लागतो, सायकल कित्येक दिवसांची असते. खरी डेन्सिटी २.३५ च्या वर आली तर बराच क्वार्ट्झ उरलाय, आणि तो पुढे गिऱ्हाइकाच्या भट्टीत फुगणार.

टेस्टिंग

पोरॉसिटी आणि बल्क डेन्सिटी रोजच्या रोज. कोरडं वजन, मग पाण्यात उकळून किंवा व्हॅक्यूममधे भिजवून पाण्यात लटकवलेलं वजन, आणि पुसून भिजलेलं वजन. समजा ५००, ३२० आणि ५३८ ग्रॅम आले. भिजलेल्यातून लटकलेलं वजा, २१८, हे आकारमान. भिजलेल्यातून कोरडं वजा, ३८, ही भोकं. पोरॉसिटी १७.४ टक्के, डेन्सिटी २.२९. फायरक्लेसाठी ठीक आहे.

गार अवस्थेतली क्रशिंग स्ट्रेंग्थ सगळे बघतात पण तिच्यावर फार भरवसा नको, ती फक्त सांगते की वीट नीट भाजलीये आणि वाहतुकीत तुटणार नाही. माझ्या मते खरी परीक्षा तीन: लोडखाली तापवून किती बसते ते, परत तापवल्यावर कायमचं किती आकसते किंवा फुगते ते, आणि थर्मल शॉक. परत तापवल्यावर फार आकसली तर फायरिंग कमी पडलंय, सोक वाढवा. लोडमधे लवकर बसली पण पोरॉसिटी चांगली आहे, तर कच्च्या मालातल्या अल्कलीकडे परत जा. पोरॉसिटीच जास्त आली तर आधी स्क्रीन, मग प्रेसचं रजिस्टर, किल्नला सगळ्यात शेवटी हात लावा.

धुळीचं राहिलं. क्रशिंग, स्क्रीनिंग आणि जुनी अस्तरं तोडणं या तिन्ही कामांत क्रिस्टलाइन सिलिकाची धूळ असते, जी कॅन्सरकारक म्हणून १९९७ पासून नोंदलेली आहे, आणि सिलिकोसिस तर बरा होतच नाही. नाकाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. मशीनलाच डस्ट एक्स्ट्रॅक्शन, तोडताना पाण्याचा फवारा आणि बरोबर बसणारा रेस्पिरेटर, तिन्ही लागतात. क्रोमवाल्या जुन्या विटा तोडताना जास्त जपा, अल्कलीच्या सहवासात त्यात सहा-संयुजी क्रोमियम तयार झालेलं असू शकतं, पाण्यात विरघळतं आणि विषारी आहे, असा मलबा वेगळा ठेवा.

पॅलेट बांधताना प्रत्येकावर मिक्स नंबर, प्रेसची तारीख आणि किल्न कारचा नंबर टाका. सहा महिन्यांनी तक्रार आली की तोडलेल्या विटेच्या शेजारी हे तीन आकडे ठेवले तर कुठल्या टप्प्यावर शोधायचं ते कळतं. मॅग्नेशियाच्या पॅलेटला प्लास्टिकचं पूर्ण वेष्टण, खाली जमिनीची ओल लागणार नाही असं, आणि जुना माल आधी बाहेर.